स्फुरदाचा वाटा कुणी मागत नाही

इगतपुरी तालुक्यात पाऊस पडतो तो आमच्या नावावर, आणि साठतो तो दुसऱ्याच्या. मुकणे, भावली, भाम, वाकी ही धरणं आमच्या डोंगरांत. त्यांचं पाणी दारणेतून नांदूरमध्यमेश्वरला आणि तिथून जलदगती कालव्यानं थेट वैजापूर-गंगापूरला. शिवाय २००५च्या कायद्यानं समन्यायी वाटप आलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असलं, की वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं आणि नाशिक-नगरच्या पुढाऱ्यांना झोप नाही. मोर्चे, याचिका, टीएमसीचा दशांशापर्यंत हिशेब.

मात्र त्याच पाण्यात विरघळून जो नत्र आणि स्फुरद खाली जातो, त्यावर कुणी हक्क सांगितल्याचं ऐकिवात नाही.

आमचं योगदान आधी नोंदवतो, नाहीतर सगळं श्रेय नाशिक शहर लाटेल. भाताची आवणी उरकली, की ४५ किलोची युरियाची गोणी फोडायची आणि बांधावरून मुठीमुठीनं फेकायची. मग पाऊस येतो. (इगतपुरीत तो फेकण्याआधीही आलेलाच असतो.) वरचं खाचर खालच्या खाचरात, खालचं ओढ्यात, ओढा दारणेत. चारसूत्री पद्धतीत पावणेतीन ग्रॅमची युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मधोमध चिखलात खोचतात. खत मुळाशीच राहतं. पण त्याला वाकावं लागतं, मजूर लागतात, आणि खालच्या तालुक्यांवर उगाच अन्याय होतो.

पुढं चेहेडीला वालदेवी शहराचं सांडपाणी घेऊन येते. दारणा सांगवीला गोदामाई नाशिकचं उरलंसुरलं पुण्य घेऊन भेटते. नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापाशी पाणी थबकतं, गाळ बसतो आणि स्फुरद गाळाला धरून राहतो. ही आपली मुदत ठेव. तळाचा प्राणवायू संपला, की गाळ ती मोडून पाण्यात सोडतो. म्हणजे उद्या सगळी गटारं बंद झाली तरी जलपर्णीचं रेशन काही वर्षं चालू.

जलपर्णी तशी देखणी. जांभळी फुलं, तकतकीत पानं. देठ मोडून पाहिला तर आत नुसती हवा. तरी दोन आठवड्यांत दुप्पट होते. नांदूरमध्यमेश्वर या महाराष्ट्रातल्या पहिल्या रामसर स्थळी पक्षिमित्र दुर्बिणी रोखून बसतात. हिरवळीखाली पाणी असेल, असा विश्वास ठेवावा लागतो.

ती काढण्याची रीतही ठरलेली. यंत्रानं उपसायची, काठावर ढीग घालायचा, ढीग कुजू द्यायचा. पहिल्या पावसात तो सगळा रस पुन्हा नदीत, आणि पुन्हा निविदा. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे विसर्ग. दारणेचे दरवाजे उघडले, की जलपर्णी रातोरात पुढच्या तालुक्यात! सकाळी आपला घाट स्वच्छ, फोटो छापायला मोकळा.

तेव्हा पुढच्या वाटपाच्या आदेशात एक रकाना वाढवावा : दर टीएमसीमागे स्फुरद किती, गाळ किती. मसुदा मी करून ठेवला आहे. देणाऱ्यांची यादी इगतपुरीपासून लांबलचक भरली. घेणाऱ्यांत सही करायला निफाड म्हणतं वैजापूरला विचारा, आणि वैजापूर म्हणतं, आधी पाणी तर येऊ द्या.