फोल्डरकाका

फ्रीगंजात कुणाकडे नवा संगणक आला, की फोल्डरकाकांना बोलवावं लागत नाही. ते येतातच. खिशात मऊ फडकं, चष्म्याला दोरी, आणि चपला काढता काढताच पहिला प्रश्न, "स्टार्टमध्ये काय काय भरून ठेवलंय?" अशी माणसं सदाशिव पेठेतही असतील, धरमपेठेतही असतील. पण उज्जैनच्या मराठी घरांत त्यांना खास भाव आहे. इथली बरीच मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला, आणि मागे राहिलेल्या आईवडिलांचा संगणक मुलांनी दिवाळीत येऊन जसा सोडला तसाच पडलेला.

काका एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाले. आजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या दफ्तरात मोडी लिहायचे. त्या काळी कागद फायलींत नसत, कापडाच्या रुमालात बांधलेले असत, आणि कोणत्या रुमालात काय, हे आजोबांना तोंडपाठ. तोच वारसा नातवाने चालवला. साहेब बदलले, मंत्री बदलले, पण काकांनी लावलेली फाइल काकांशिवाय कुणाला सापडली नाही. याला ते शिस्त म्हणतात.

आमच्या शेजारच्या वहिनींकडचा प्रसंग मी जवळून पाहिला आहे. वहिनी शाळेतून निवृत्त, संगणकाचं काम काय तर बातम्या वाचणं, लेकीशी व्हिडिओवर बोलणं आणि अधूनमधून महाकालाच्या भस्म आरतीचं ऑनलाइन बुकिंग बघणं. काकांनी आधी कीबोर्ड पुसला, मग स्क्रीन, मग कुणी न सांगता टेबलसुद्धा. नंतर मेनू उघडून वाचायला घेतला, वधूवरांची यादी वाचावी तशा गंभीर चेहऱ्याने.

"वहिनी, फोटो बघायला चार प्रोग्राम कशाला? आपली वेधशाळा बघा. सम्राट यंत्र वेळ सांगतं, भित्ती यंत्र सूर्याची उंची सांगतं. कुणी कुणाच्या कामात हात घालत नाही. सवाई जयसिंगाने बांधलं, १९२३ साली माधवराव शिंद्यांनी दुरुस्त केलं, अजून चालतंय. का? कारण डुप्लिकेट नाही."

वहिनींनी मान डोलावली आणि शेवेची बशी पुढे केली. दोन तासांत मेनूचे चार कप्पे झाले: लिखापढी, हिशेब, पोरांचं आणि बाहेरगाव. काका चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आमच्या दारात.

"अहो, माझं इंटरनेट गेलं."

इंटरनेट गेलं नव्हतं. ब्राउझर 'बाहेरगाव'मध्ये होता. कारण, काकांचं म्हणणं, त्यातून माणूस घराबाहेर जातो. व्हिडिओ कॉल 'पोरांचं'मध्ये, हे एक वेळ समजू शकतं. पत्त्यांचा डाव मात्र 'हिशेब'मध्ये सापडला. "त्यात आकडे असतात," काका म्हणाले.

एक कबूल केलं पाहिजे, काकांच्या या तळमळीला इतिहास आहे. १९९५ साली विंडोजने डाव्या कोपऱ्यात स्टार्टचं बटण दिलं, आणि पुढे बरीच वर्षं त्या मेनूत आपले फोल्डर करून प्रोग्राम लावता यायचे. काकांच्या आयुष्यातला तो सुवर्णकाळ. २०१२ साली विंडोज ८ ने बटणच काढून टाकलं. काकांच्या घरात आठवडाभर कुणी मोठ्याने बोललं नाही. वर्षभराने ८.१ मध्ये बटण परत आलं, पण दाबलं की जुना मेनू नाही, विंडोज ८च्याच रंगीत चौकोनांच्या फरश्या. "घंटा ठेवली, देऊळ पाडलं," एवढंच काका म्हणाले. २०१५ साली विंडोज १० मध्ये मेनू परतला, तेव्हा कुठे त्यांचा रक्तदाब उतरला.

२०२१ साली विंडोज ११ ने स्टार्ट मध्यभागी आणला, आणि काकांमधला उज्जैनकर खवळला. प्राचीन भारतीय ज्योतिषांची मध्यरेषा उज्जैनवरून जायची. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेने शून्य रेखांश ग्रिनिचला दिला, हे काकांनी अजून मनाला लावून घेतलेलं आहे. "मध्य कुठे ते ठरवणारे हे कोण?" असं म्हणत त्यांनी टास्कबारच्या सेटिंगमध्ये जाऊन गल्लीतले सगळे स्टार्ट परत डाव्या कोपऱ्यात नेऊन बसवले. हे काम मात्र चोख झालं. त्याबद्दल अजून कुणाची तक्रार नाही.

ईमेल हा त्यांचा दुसरा प्रांत. जीमेल जगात आलं १ एप्रिल २००४ रोजी, त्यामुळे काकांना त्याचा मुळातच संशय. त्यात फोल्डर नाहीत, लेबलं आहेत, आणि एकाच पत्राला दोन-तीन लेबलं लावता येतात. एक कागद एकाच वेळी दोन रुमालांत, हे आजोबांना चाललं असतं का? शिवाय गूगलवाले पहिल्यापासून सांगत आलेत की लावत बसू नका, शोधा. काकांच्या मते हे म्हणजे रेकॉर्ड रूमला कुलूप लावून शिपायाला पळवत ठेवणं.

तरी त्यांनी लेबलांचे रुमाल केलेच. रुमाल पहिला, सरकारदरबार: पेन्शन, आयकर, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. रुमाल दुसरा, बँक. रुमाल तिसरा, सोयरे. आणि सगळ्यांत खाली 'गाळ'. या गाळासाठी त्यांनी जो फिल्टर शोधला, तो खरंच डोकेबाज आहे. जाहिरातीच्या मेलच्या तळाशी बहुधा बारीक अक्षरांत 'अनसबस्क्राइब' असं लिहिलेलं असतं. शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या खुणेवर टिचकी मारायची, तो शब्द घालायचा, 'क्रिएट फिल्टर' म्हणायचं, 'स्किप द इनबॉक्स'वर बरोबरची खूण करायची आणि लेबल द्यायचं. कपड्यांचे सेल, कर्जाच्या ऑफरी, सगळं इनबॉक्सला वळसा घालून थेट तळाशी. पंधरा दिवस गल्लीत काकांचा जयजयकार चालला होता.

मग कोजागिरी आली. मंडळाचं आमंत्रण ईमेलच्या ग्रुपवरून निघालं. ग्रुपवरून येणाऱ्या मेलच्या शेवटीही तोच शब्द असतो. सगळ्या गल्लीचं आमंत्रण गाळात गेलं. मसाला दूध पातेलीभर उरलं. अध्यक्षांनी मराठी माणसाच्या वाढत्या अनास्थेवर जळजळीत भाषण केलं. ऐकायला सात जण होते, आणि त्या सातांपैकी एकाकडेही ईमेल नव्हता.

"मेल हरवला नव्हता," काकांनी दुसऱ्या दिवशी ठणकावून सांगितलं. "लावला होता तिथेच होता. गाळ रोज उपसायला नको?"

काकू हे सगळं आतून ऐकत असतात. त्यांच्या इनबॉक्समध्ये हजारो न वाचलेले मेल ठळक अक्षरांत उभे आहेत. लेबल नाही, रुमाल नाही, काही नाही. विजेचं बिल हवं असलं की काकू वरच्या पट्टीत 'बिल' एवढं लिहितात आणि ते समोर येतं. रेल्वेचं तिकीट, भाच्याच्या लग्नाची पत्रिका, तीन वर्षांपूर्वीची पुरणपोळीच्या प्रमाणाची चिठ्ठी, सगळं तसंच. काकांना हे बघवत नाही.

"शोधावी लागली म्हणजे वस्तू हरवलेली होती."

"सापडली की नाही?"

"सापडणं वेगळं, जागेवर असणं वेगळं."

"बरं. तुमचा हयातीचा दाखला जागेवर आहे ना? जरा काढून द्या."

काका अर्धा तास पहिल्या रुमालात होते. मग दुसऱ्यात गेले. शेवटी काकूंनी त्यांच्याच खात्यात 'जीवन' एवढं टाइप केलं. दाखला तिसऱ्या रुमालात, सोयऱ्यांत निघाला, कारण तो काढून देणाऱ्या पोराने स्वतःच्या मेलवरून पाठवला होता आणि तो पोरगा काकूंच्या माहेरचा.

सध्या काका २०२८च्या सिंहस्थाच्या तयारीला लागले आहेत. सिंहस्थ आला की ज्यांना बारा वर्षं उज्जैन आठवत नाही, त्या सगळ्यांना आपलं क्षिप्रेकाठचं गणगोत एकदम आठवतं. काकांनी आतापासूनच फिल्टर बांधून ठेवलाय. मेलमध्ये 'सिंहस्थ', 'फक्त दोन दिवस' आणि 'आम्ही चौघंच' हे तिन्ही शब्द एकत्र आले की तो इनबॉक्समध्ये येणार नाही. कुठल्या रुमालात टाकायचा, यावर मात्र घरात वाद आहे. काका 'सोयरे' म्हणतात. काकूंनी फिल्टरच्या त्याच खिडकीत खाली 'डिलीट इट'चा चौकोन शोधून ठेवलाय, आणि काकांकडचे सोयरे असतील तर त्यावर खूण करायला त्या आजही तयार आहेत.