जॉन स्मिथ आमच्या ऑफिसात

या शहरात सध्या सर्वांत जास्त वाचला जाणारा मराठी लेखक मीच आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. क्रांती चौकात सिग्नल लागला की माणसं नाइलाजानं मान वर करतात आणि माझं वाङ्मय वाचतात: ‘गर्दीपासून दूर, सगळ्याच्या जवळ. शहरापासून फक्त १० मिनिटांवर.’ कोणत्या वाहनानं, ते मी लिहीत नाही. नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून कळवतात अशा गावात बसून मी ‘२४ तास पाणी’ लिहितो. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना पुरस्कार मिळतात. मला ‘मजा नाही आली यार’ मिळतं.

हे वाक्य आमच्या जाहिरात एजन्सीच्या सरांचं. मी ओळ वाचून दाखवतो, सर डोळे मिटून ऐकतात, मजा येत नाही. मग मी ढीगभर नव्या ओळी पाडतो आणि शेवटी पहिलीच ओळ उद्गारचिन्ह लावून क्लायंटकडे जाते. उद्गारचिन्ह सरांचं. क्लायंटला ते सांगतात, ‘रात्री झोपेत सुचलं.’ यातला झोपेचा भाग खरा असावा.

होर्डिंगच्या कोपऱ्यात नाव असतं, नाही असं नाही. पण ते फ्लेक्सवाल्याचं, मोबाइल नंबरसकट. ‘ते माझंय’ म्हणून मेहुण्याला मुद्दाम गाडी थांबवून दाखवलं, तर तो म्हणाला, ‘दाजी, नंबर बदलला का?’

असा अपमान झाला की मी अजिंठ्याला जातो. मनानं, कारण प्रत्यक्ष जायला रजा मंजूर व्हावी लागते. तिथं १६ क्रमांकाचं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं करवून घेतलं, हे शिलालेखात व्यवस्थित कोरलेलं आहे. २६ व्या लेण्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा लेख आहे. म्हणजे क्लायंटचं नाव तेव्हाही ठळक. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी मात्र कुणी रंगवला, पत्ता नाही. तो बिचारा अंधारात ब्रश घेऊन बसला असणार आणि मागून कुणीतरी म्हणालं असणार, ‘मजा नाही आली. कमळ थोडं मोठं कर.’

पण माझा खरा जिव्हाळ्याचा विषय १० व्या लेण्यातला. एप्रिल १८१९ मध्ये मद्रास घोडदळाचा कॅप्टन जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला आला, लेणी त्याच्या नजरेस पडली, आणि त्यानं काय केलं? तिथल्या बोधिसत्त्वाच्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून टाकली. ना छिन्नी चालवली, ना रंग घोटला. आला, बघितलं, सही केली. आणि गंमत अशी, की ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसतं. साहेब काही ताडमाड नव्हता. तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढिगारा साचला होता आणि तो त्यावर उभा होता. हे वाचलं तेव्हा मला आमच्या सरांची उंची एकदम समजली. ते माझ्या नापास ओळींच्या ढिगावर उभे आहेत.

सर याला ‘टीमवर्क’ म्हणतात. पण बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावं आहेत. म्हणजे औरंगजेबाच्या अमदानीतही क्रेडिट मिळत होतं!

माझं क्रेडिट फक्त आई देते. बियाण्याची माझी जाहिरात पेपरात आली की ती कापून घेते आणि खाली बॉलपेननं माझं नाव लिहून शेजारीपाजारी दाखवते. गेल्या खरिपात शेजारचे दादा घरी येऊन म्हणाले, ‘काकू, तुमच्या पोराचं सोयाबीन उगवलंच नाही की वो!’ लेखी श्रेय मिळालं आणि पाठोपाठ तक्रारही. तरी मला बरं वाटलं. निदान पत्ता बरोबर होता.

परवा आमच्याकडची नवी डिझायनर मुलगी हळूच विचारत होती, ‘दादा, हे माझं काम आहे असं बाहेर सांगितलं तर चालेल ना?’ रात्रभर जागून तिनंच केलेलं काम. पगार कमी आहे, ते दुःख वेगळं आणि जुनं. पण बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीला स्वतःचं काम स्वतःचं म्हणायला परवानगी मागावी लागते, तेव्हा विनोद सुचत नाही. माणूस त्याच खोलीत बसलेला असताना त्याच्या कामाबद्दल तो नसल्यासारखं बोलायचं, ही सवय वाईट आहे. त्या सवयीनं माणसं नोकरी सोडण्याआधीच मनानं निघून जातात.

तेव्हा गावोगावच्या समस्त सरांना विनंती: पगारवाढ पुढच्या वर्षावर ढकला, ट्रॉफी तुमच्याच केबिनमध्ये ठेवा, उद्गारचिन्हंही हवी तेवढी द्या. फक्त क्लायंटसमोर एकदा काम करणाऱ्याचं नाव घ्या. त्यावर जीएसटी लागत नाही.