बंबाला कोण बघणार?

माझ्या भाचीच्या घरामागे एक पानटपरी आहे. निदान व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तसंच वाटलं. पत्र्याची चौकोनी खोली, उतरतं छप्पर, वर धुराडं, पुढे लोखंडी दार. भोवताली मात्र ना गिऱ्हाईक ना पिचकाऱ्या, नुसता बर्फ. भाची राहते मिनेसोटाच्या उत्तरेला. तिकडे जानेवारीत पारा उणे तीसपर्यंत उतरतो आणि लोक तरीही दूध आणायला बाहेर पडतात. "मामा, हा आमचा बॉयलर," ती म्हणाली. जावईबापूंनी दार उघडून दाखवलं. आत हातभर ओंडके धडधडत होते. "या आगीच्या चारही बाजूंनी पाणी आहे. ते गरम होऊन जमिनीखालच्या पाइपांतून घरात जातं."

मी म्हणालो, "म्हणजे बंब."

जावईबापूंचा चेहरा पडला. कर्ज काढून घेतलेल्या वस्तूला मामेसासऱ्यांनी बंब म्हणावं, हे कोणत्याही इंजिनियराला लागणारच. पण मी बोललो ते तंतोतंत खरं होतं. जुन्या जालन्यातल्या आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता. मधोमध नळी, नळीत विस्तव, खाली जाळी आणि राख, नळीभोवती पाणी आणि पाण्याला तोटी. पुण्याकडचे लोक त्यासाठी बंबफोड विकत आणायचे. आमच्याकडे कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या फुकट मिळत. त्या भसकन पेटायच्या आणि तितक्याच भसकन विझायच्या, म्हणून बंबाशेजारी एक माणूस कायम उकिडवा बसलेला लागे. घरातल्या ज्या मुलाला गणितात कमी मार्क, त्याची तिथे नेमणूक होई.

बंबाचे कायदे दोनच होते. बादली काढली की बादली घालायची. आणि आत पाणी आहे हे बघितल्याशिवाय काडी लावायची नाही, कारण कोरड्या बंबाला जाळ लागला की डाग सुटतो आणि मग तांबटाकडे न्यावा लागतो. तिसरा कायदा कोणी केला नाही, कारण गरज पडली नाही. बंबातलं पाणी गोठलं तर काय, हा प्रश्न जालना जिल्ह्याच्या इतिहासात कोणाला पडला नसावा. महाराष्ट्रात महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. इतकं आपल्याला त्याचं अप्रूप.

तर माझ्या धाकट्याचं लग्न ठरलं. तारीख संक्रांतीनंतरची, भाची करवली. तिने आनंदाने किंचाळून झाल्यावर दुसरं वाक्य उच्चारलं ते असं: "पण मामा, बॉयलरला कोण बघणार?"

आता अडचण अशी, की त्या भट्टीत सातशे-आठशे लिटर पाणी असतं. कडाक्याच्या थंडीत एकदा ओंडके भरले की अर्धा दिवस निघतो, मग पुन्हा भरावे लागतात. तीन आठवडे घर बंद ठेवलं तर आग विझणार, पाणी गार होणार आणि मग गोठणार. पाणी चार अंशांपर्यंत सभ्यपणे आकसतं. त्यानंतर त्याची मती फिरते. ते फुगायला लागतं आणि बर्फ होताना आकारमानाने साधारण नऊ टक्के वाढतं. पाइपात ही नऊ टक्के जागा कोणी राखून ठेवलेली नसते. जमिनीत खोल पुरलेले आणि वेष्टणात गुंडाळलेले पाइप बराच काळ तग धरतात. घात होतो तो पाइप जिथे जमिनीतून वर येतो तिथे, भट्टीच्या पाठीमागे, पंपात आणि व्हॉल्व्हमध्ये. बरं, फुटल्याचं कळतं ते बर्फ वितळल्यावर. तोवर सगळं कसं जागच्या जागी असतं.

भाचीने हा पेच आमच्या कौटुंबिक व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. सकाळी उठून फुलं आणि सुविचार पाठवणारी माणसं एका दिवसात औष्णिक अभियंते झाली.

आत्याने सुचवलं, बॉयलरवर गोधडी टाका. ही सूचना सगळ्यांनी हसण्यावारी नेली. पण त्या भट्टीच्या पत्र्याआड जे जाड वेष्टण असतं ते दुसरं काय असतं? गोधडी थंडी अडवते, ऊब तयार करत नाही, एवढंच आत्याला कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

कडवंचीचे आमचे पाहुणे द्राक्षवाले. कडवंचीत 1996 पासून पाणलोटाचं काम झालं. शेततळी आणि द्राक्षबागा यांमुळे त्या गावाचं नाव झालं आणि तिथल्या माणसाला पाण्यावर बोलायचा परवाना मिळाला. ते म्हणाले, "पारा उतरला की आम्ही पहाटे उठून ठिबक सोडतो. विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं. बागेत शेकोट्या पेटवतो. तुम्ही पण पहाटे उठा." जावईबापू म्हणाले, पहाटे उठायला मी तिथे असतो तर प्रश्नच नव्हता.

मग बोलले आमचे साडूभाऊ. ते एका स्टील कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. सळया करणाऱ्या कारखान्यांचं आमचं शहर, त्यामुळे दर घरात एक तरी माणूस भट्टीवर जगलेला असतो. साडूभाऊ ग्रुपवर एरवी फक्त वाढदिवसाला अंगठा दाखवतात. त्यांनी तीनच शब्द लिहिले.

"लाइट गेली तर?"

ग्रुप गप्प झाला, कारण हाच खरा प्रश्न होता. त्या यंत्रात लाकडं कितीही भरा, पाणी फिरवतो तो विजेचा पंप. वीज गेली की पंप थांबला, पंप थांबला की पाणी जागेवर थांबलं, आणि उणे तिसात थांबलेल्या पाण्याचं काय होतं ते सांगायला नको. जावईबापू चार वर्षं तो बॉयलर वापरत होते. लाकूड किती, पाणी किती, धूर कुठल्या दिशेला, सगळ्याची वही होती. त्या वहीत विजेला पान नव्हतं, कारण तिकडे वीज असते. वीज जाऊ शकते ही जाणीव रक्तात यायला मराठवाड्यातच वाढावं लागतं.

साडूभाऊंनी मग पुढचंही सांगितलं. इंडक्शन भट्टीत तांब्याची कॉइल असते आणि तिच्या आतून सतत पाणी खेळवावं लागतं. वीज गेली तर पंप थांबतो, पण भट्टीतलं लोखंड रसरसलेलंच असतं. पाणी थांबलं तर कॉइल वितळेल, म्हणून उंचावर टाकी बांधून ठेवलेली असते. वीज गेली की त्या टाकीचं पाणी आपोआप खाली येतं. "आमचं पाणी थांबलं तर उकळतं, तुमचं गोठतं. थांबू देऊ नका. वाहतं पाणी गोठत नाही," त्यांनी निकाल दिला. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने हे पुरतं खरं नाही, वाहतं पाणीसुद्धा पुरेसं गार झालं की गोठतं. पण इतक्या ठाम माणसाला कोण अडवणार? जावईबापूंनी ते वाक्य लिहून घेतलं.

त्यानंतर गंभीर पर्याय निघाले. सगळं पाणी काढून टाकणं हा एक. पण पाइपाच्या झोळात पाणी साचून राहतं, ते हवेच्या दाबाने फुंकून काढावं लागतं. शिवाय त्या पाण्यात गंज न चढण्याचं औषध घातलेलं असतं, तेही ओतून द्यायचं, हा विचार जावईबापूंना सहन होईना. दुसरा पर्याय ग्लायकॉलचा. गाडीच्या रेडिएटरमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी, म्हणून इथे प्रॉपिलीन ग्लायकॉल घालायचं. ते निम्मंनिम्म मिसळलं की उणे तीसच्याही खालपर्यंत चिंता नाही. मात्र आठशे लिटरचं निम्मं म्हणजे चारशे. जावईबापूंनी भाव काढला, तो विमानाच्या तिकिटांशी ताडून पाहिला आणि लॅपटॉप मिटला. वर ते मिश्रण नुसत्या पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहतं, म्हणजे पैसे देऊन ऊब कमी.

शेवटी जे ठरलं ते ऐकून मी थक्क झालो. घरात गॅसची जुनी भट्टी होती. ती मंद चालू ठेवायची, घर बारा-तेरा अंशांवर राखायचं आणि पंप चालूच ठेवायचा. मग बॉयलरचं पाणी घरात येऊन तिथली ऊब घेऊन परत जाणार. एरवी बंब घर तापवतो, आता घर बंबाला तापवणार. वीज गेली तर आपोआप सुरू होणारा जनरेटर बसवला, तो साडूभाऊंच्या नावे. आणि पलीकडच्या शेतावरचा म्हातारा रोज संध्याकाळी येऊन ओंडके टाकून जाईन म्हणाला. त्याला मोबदला काय द्यायचा विचारल्यावर त्याने लोणचं मागितलं. भाचीने कैरीचं दिलं. ते तो कशाशी खातो हे आम्ही विचारलं नाही.

मंडळी जालन्यात उतरली. जावईबापूंच्या फोनवर बॉयलरचं तापमान दिसायचं, फॅरेनहाइटमध्ये. दोन दिवसांत आमच्या घराला त्या आकड्याचं व्यसन लागलं. चहाच्या वेळी "आज किती?" हा प्रश्न सोन्याच्या भावाआधी यायचा. शेतावरच्या म्हाताऱ्याला एका संध्याकाळी उशीर झाला आणि आकडा घसरत घसरत एकशे चारवर आला. आत्याने तो ऐकला मात्र, "अगं बाई, एकशे चार? मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवा," म्हणत ती उठलीच.

आता आमची बाजू सांगतो. आमच्याकडे नळ रोज येत नाही. घाणेवाडीचा निजामकाळातला तलाव आहे, जायकवाडीहून आणलेलं पाणी आहे, तरी नळाचा एक दिवस असतो आणि त्या दिवसाला वेळ नसते. घर बंद करून गावाला जाताना जालनेकर गॅसचं बटण एकदा बघतो, कुलूप दोनदा ओढतो आणि नळाच्या तोट्या मात्र मोजून बघतो. कोरडी तोटी चुकून उघडी राहिली आणि मागे पाणी आलं, तर गल्लीतला प्रत्येक जण त्याची गोष्ट पुढची पाच वर्षं सांगतो. आमच्या पलीकडच्या एका घराची अजून सांगतात.

नेमका हळदीच्या दिवशी नळ येणार असल्याचं कळलं. घरात पन्नास पाहुणे, गच्चीवरची टाकी तळाला. मोटारीपाशी कोणीतरी थांबणं भाग होतं. सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळल्या. पाइप, पंप, टाकी यांवर महिनाभर इतकं बोललेला दुसरा कोण होता? जावईबापू खुर्ची टाकून बसले. आम्ही सगळे समोरच्या मांडवात.

नळ आला, मोटार लागली, टाकी भरत गेली. त्याच वेळी मिनेसोटात पहाट व्हायची होती आणि फोनवरचा आकडा खाली उतरत होता. जावईबापू आकड्याकडे बघत राहिले. इकडे टाकी भरून वाहू लागली आणि गच्चीवरच्या पाइपातून गल्लीत धार लागली.

शेजारच्या काकू मांडवातूनच ओरडल्या, "अहो जावईबापू, पाणी वाहतंय! मोटार बंद करा!"

जावईबापूंनी फोनवरून मान वर न करता उत्तर दिलं, "वाहू द्या काकू. वाहतं पाणी गोठत नाही."

पाणी वाहू द्या, असं आमच्या गल्लीत आजवर कोणी म्हटलं नव्हतं. नवरदेवाच्या एका गालाला हळद लागली होती, दुसरा कोराच राहिला. बायका वाट्या खाली ठेवून बादल्या आणायला घरोघर पळाल्या.