पांढरी तीन

पेटी वाजवणाऱ्या माणसाला वाटतं, जगात जिथे जिथे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आहेत तिथे आपलं राज्य आहे. माझा हा समज साठी उलटेपर्यंत शाबूत होता. डोंबिवलीचं आमचं भजनी मंडळ, गणपतीत हौशी नाट्यगीतांचे कार्यक्रम, कुणाच्या तरी साठीशांतीला दोन अभंग, एवढ्या साम्राज्यावर मी सुखी होतो. बुवांनी घेतलेली हरकत त्यांच्या गळ्यातून पुरती बाहेर पडायच्या आत माझ्या बोटांतून निघाली पाहिजे, ही माझी साथीची व्याख्या. गोविंदराव टेंबे भास्करबुवा बखल्यांना साथ करत तेव्हा असंच काहीतरी होत असणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

त्यात माझी भाची जॅझ गायला लागली.

जॅझवाले गातात ती गाणी बरीचशी 1930-40 च्या सुमाराची, ब्रॉडवेच्या नाटकांतली नाहीतर हॉलिवुडच्या सिनेमांतली. म्हणजे एका अर्थी त्यांचं नाट्यसंगीतच. हे कळल्यावर माझा धीर नको तितका वाढला. तिचा पियानोवाला नोकरीनिमित्त बंगळुरूला गेला आणि ती हळहळत बसली असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, मी आहे ना!"

"मामा, तू पेटी वाजवतोस."

"पट्ट्या त्याच ना?"

भाची काही बोलली नाही. तिच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, "दादा, नको" असं स्वच्छ सांगितलं. पण धाकट्या बहिणीचं ऐकायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. पुढच्याच आठवड्यात अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा डिजिटल पियानो घरी आला. तो लावल्यावर बायकोने खोलीकडे एक नजर टाकली आणि विचारलं, "आता आपण झोपायचं कुठे?"

गुरू मिळाले वांद्र्याचे. मूळचे गोव्याचे, वयाने माझ्याहून बरेच मोठे, हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात आयुष्य काढलेले. मुंबईत जॅझ काही काल-परवा आलेलं नाही. 1930 च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीचा अमेरिकी बँड वाजत होता. टेडी वेदरफर्ड हा नामी पियानोवालाही ताजमध्ये वाजवून गेला. पुढे 1945 साली तो कोलकात्यात वारला. या मंडळींकडून गोव्याच्या वादकांनी ही विद्या उचलली आणि रात्री हॉटेलात, दिवसा स्टुडिओत वाजवून त्यावर संसार केले. आपल्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (1951) पडद्यावर आपल्या बँडसकट दिसणारा चिक चॉकलेट हा गोव्याचाच, खरं आडनाव वाझ. आमचे सर त्या पिढीच्या हाताखाली तयार झालेले. ते चार भाषांत बोलायचे. रागावले की मात्र फक्त कोकणीत. थोड्याच दिवसांत माझं कोकणी बरंच सुधारलं.

पहिल्या दिवशी त्यांनी काहीही वाजव म्हणून सांगितलं. मी डोळे मिटून एक नाट्यगीत सुरू केलं. जरा वेळाने सरांचा आवाज आला, "कितें करता रे तूं?" डोळे उघडून पाहतो तर माझा डावा हात पियानोच्या बाजूला हवेत मागे-पुढे होत होता. तो भाता मारत होता. जन्मभर त्या हाताने दुसरं काही केलंच नव्हतं. वाजवायचं ते उजव्याने, डाव्याने फक्त वारा घालायचा. आता त्या बिचाऱ्याला उतारवयात नोकरीला लावायचं होतं.

सरांनी त्याला काम दिलं ते दिसायला अगदी किरकोळ. प्रत्येक कॉर्डमधले फक्त दोन सूर धरायचे, तिसरा आणि सातवा. डी मायनर सेव्हनला एफ आणि सी. मग जी सेव्हन आला की एफ जागेवर राहतो, सी अर्धा सूर उतरून बी होतो. मग सी मेजर सेव्हन. आता बी बसून राहतो आणि एफ उतरून ई होतो. एका वेळी एकच बोट हलतं, तेही शेजारच्या पट्टीवर, आणि तेवढ्यात अख्खं गाणं कूस बदलतं. हे पहिल्यांदा कानाला कळलं तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या "वाः" म्हणालो. सर म्हणाले, "वाः नंतर. आता हेच बारा पट्ट्यांत."

इथे माझं खरं बिंग फुटलं. स्केलचेंजर पेटीवर आमचा जन्म गेला. गायकाने पट्टी सांगितली की कीबोर्ड सरकवायचा आणि आपली नेहमीची बोटं नेहमीच्या जागी टाकायची. पियानोलाही ट्रान्सपोजचं बटण असतं, हे मी पहिल्याच रात्री शोधून ठेवलं होतं. चारेक महिने त्या बटणाच्या जिवावर माझी प्रगती थक्क करणारी होती. एक दिवस सर घरी जेवायला आले, मी हौसेने बी फ्लॅटमधलं गाणं वाजवलं, आणि आवाज बी फ्लॅटचा पण बोटं सीवर हे त्यांनी लांबून पाहिलं. जेवणाआधी त्यांनी माझ्या बायकोकडे सेलोटेप मागितला. बटणावरची ती पट्टी अजून आहे.

पण बोटं तरी वळतात. खोड वळत नाही. सर गायला लागले की माझा उजवा हात त्यांच्या मागे धावायचा. ते थांबून विचारायचे, "मी गातो तेच तू वाजवतोस. मग मी घरी जाऊ?" गाण्याची चाल गाणारा सांभाळतो, पियानोवाल्याने त्याच्या पायाखाली कॉर्डची जमीन धरायची, तीही अधूनमधून, आणि गाणारा श्वास घेईल तिथे हवं तर चार सूर टाकायचे. खर्जात घुमवायला गेलो की म्हणायचे, "बासवाल्याच्या पोटावर पाय देऊ नको." शेवटी त्यांनी मला एक रेकॉर्ड दिली. एला फिट्झजेराल्डने 1950 साली गर्शविनची गाणी गायली, साथीला एलिस लार्किन्सचा पियानो, बाकी कोणी नाही. मी ती लार्किन्सचं कौशल्य पाहायला म्हणून ऐकायला बसायचो आणि दर वेळी एलाचंच गाणं ऐकून उठायचो. लार्किन्सने काय वाजवलं ते आठवायचंच नाही. हे मी सरांना तक्रारीच्या सुरात सांगितलं. ते इतके खूश झाले की त्या दिवशीची फी घेतली नाही. मला वाटतं, आम्हा पेटीवाल्यांना ही रेकॉर्ड सक्तीने ऐकवली पाहिजे. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली ती थेट 1971 साली उठली. त्यांची कारणं वेगळी होती, पण माझी साथ ऐकून कुणी तो निर्णय घेतला असता तर मला राग मानता आला नसता.

भाचीबरोबर तालमी सुरू झाल्या. ती गाणं उचलायची आणि शब्द मुद्दाम लयीच्या किंचित मागे ठेवून गायची. ही जॅझ गाणाऱ्यांची खास लकब; बिली हॉलिडे त्यातली उस्ताद. मला वाटलं, पोर दमली असेल. साथीदाराने गाणाऱ्याला सांभाळून घ्यावं हे माझ्यावर झालेले संस्कार. मी तिच्यासाठी थांबलो. मी थांबलो म्हणून ती आणखी मागे राहिली. म्हणून मी आणखी थांबलो. शेवटच्या ओळीपर्यंत गाणं इतकं संथ झालं की ड्रमवाल्याने ब्रश खाली ठेवून मोबाइल काढला.

"मामा, तू माझ्यासाठी थांबू नको. मला मागे राहायला कुणीतरी पुढे पाहिजे ना?"

ठीक आहे. पुढच्या गाण्यात मी कुणासाठी थांबायचं नाही असं ठरवलं. त्या गाण्याला नेमकी सुरुवातीला तालाबाहेरची प्रस्तावना होती, जिथे गाणारा बोलल्यासारखा सावकाश गातो आणि पियानोने एकेका शब्दाची वाट पाहायची असते. ती दुसऱ्या ओळीवर असताना मी गाणं संपवून मोकळा झालो होतो.

मग सरांनी तोडगा काढला: स्वतः गा आणि स्वतःच साथ कर, म्हणजे दोन्ही बाजू कळतील. उदाहरणं मोठी दिली. नॅट किंग कोल मुळात पियानोवाला. 1937 साली गिटार आणि बास घेऊन त्याने त्रिकूट काढलं आणि पुढे गायक म्हणून जग जिंकलं. वॉशिंग्टनची शर्ली हॉर्न तर इतक्या संथ लयीत गायची आणि मध्ये इतक्या मोकळ्या जागा सोडायची की ऐकणाराच श्वास रोखून बसे. आणि साथीला तीच. मी म्हटलं, निदान या गायकाशी आपली ओळख जुनी आहे, तो आपलं ऐकेल.

तो अजिबात ऐकत नाही. माझा गळा काळी एकचा आणि हात पांढरी एकचे. काळी एक म्हणजे डी फ्लॅट, पाच फ्लॅटची पट्टी. तिथे हात पोचेपर्यंत गळा पुढच्या ओळीवर गेलेला असतो. तोंडात शब्द लांबला की डावा हातही लांबतो, उजव्या हाताने नाजूक काही काढलं की तोंड उघडंच राहतं. एका ओट्यावर सासू-सून, अशी आमच्या घरातल्या घरात स्थिती झाली. सर म्हणाले, आधी गाऊ नको, शब्द नुसते बोल आणि कॉर्ड फक्त मात्रेच्या आरंभी टाक. मी प्रेमगीतं बातम्या वाचल्यासारखी बोलू लागलो. बायकोने दोन दिवस ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघरातून विचारलं, "एवढं त्या बाईवर प्रेम आहे तर जरा हसून तरी सांगा."

एवढ्या तयारीवर भाचीने मला कार्यक्रमाला उभं केलं, हा तिचा मोठेपणा, नाहीतर दुसरा कोणी मिळाला नसेल. वांद्र्याचं एक छोटं रेस्टॉरंट, वीस-पंचवीस माणसं, बास, ड्रम आणि मी. ठरलेली गाणी ठरल्याप्रमाणे पार पडली. मी इतकं कमी वाजवलं की मॅनेजरने येऊन पियानोची वायर तपासली. मग कुणीतरी 'मिस्टी'ची फर्माईश केली. ही एरल गार्नरची 1954 ची चाल. आमच्या तालमीत नव्हती, पण ते 'रिअल बुक' म्हणून बाड आहे ना, 1970 च्या दशकात बोस्टनच्या बर्कलीतल्या पोरांनी हाताने लिहून, कुणाला न विचारता, झेरॉक्सवर खपवलेलं, त्यात ती ई फ्लॅटमध्ये आहे आणि मी ती घरी वाजवलेली होती. भाचीने श्रोत्यांकडे पाहत हसतच हात पाठीमागे घेतला आणि तीन बोटं खाली करून मला दाखवली.

तीन. पेटीवाल्याला तीन दाखवल्यावर त्याने काय समजावं? पांढरी तीन. म्हणजे ई. मनात म्हटलं, वा, आज हिचा गळा चढलाय, अर्धा सूर वर मागतेय. ईची पट्टी म्हणजे चार शार्प. जॅझवाले तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. पण मी मामा होतो. चार मात्रांचं छानसं आरंभीचं वाजवून तिला ईचा सूर दिला. गुणी मुलगी, तिने तोच उचलला. आणि त्याच क्षणी बासवाल्याने ई फ्लॅट धरला.

बोटं वर केली तर तेवढे शार्प, खाली केली तर तेवढे फ्लॅट, ही खूण जॅझवाल्यांना पाळण्यात कळते. तीन बोटं खाली म्हणजे तीन फ्लॅट, म्हणजे ई फ्लॅट, म्हणजे आपली काळी दोन. मला हे परतीच्या टॅक्सीत कळलं. तिथे एवढंच कळलं, की माझ्या आणि बासवाल्याच्या मधून अर्धा सूर वाहतोय आणि भाची त्यात उभी आहे. सज्जन माणूस, तो मला सांभाळून घ्यायला अर्धा सूर वर आला. त्याच मात्रेला मी त्याला सांभाळून घ्यायला अर्धा सूर खाली उतरलो. एकमेकांकडे पाहून आम्ही दोघांनी मान हलवली आणि पुन्हा जागा बदलल्या. 1960 साली बर्लिनच्या मैफलीत एला 'मॅक द नाइफ'चे शब्द विसरली, तिथल्या तिथे जुळवून गात राहिली आणि मागे पॉल स्मिथच्या मंडळींनी ताल सोडला नाही, हे सरांनी मला घोकून घेतलं होतं. पण पियानोवालाच पट्टी विसरला तर काय करायचं, हे कुठल्या रेकॉर्डवर नाही.

भाचीने पाठीमागचा हात पुन्हा पुढे न आणता पंजा उघडला. या खुणेला कोणत्याही संगीतात एकच अर्थ आहे. आम्ही दोघंही थांबलो, आणि उरलेलं गाणं ती एकटी गायली. फार सुरेख गायली. टाळ्या पडल्या. जाताना एका गृहस्थांनी मुद्दाम येऊन माझा हात हातात घेतला, "ते तुम्ही मध्ये सोडून दिलंत ना, ते फारच छान होतं!"

भाचीला आता तेवीस वर्षांचा एक पियानोवाला मिळाला आहे. मुलगा चांगला आहे, सगळ्या पट्ट्या येतात, बटण वापरत नाही. मी सरांकडे अजून जातो आणि डी फ्लॅटमध्ये दोन गाणी आता मी आणि मी मिळून बरी करतो. तरीही दुसऱ्याच्या गळ्यामागे बसायची सवय सुटत नाही. तेव्हा डोंबिवली ते दादरच्या दरम्यान कुणाला पियानोची साथ हवी असेल तर जरूर कळवावं. मानधन नको, पट्टी कुठलीही चालेल. फक्त ती कागदावर लिहून द्यावी. बोटं दाखवू नयेत.