चिलापीची पावती

परवा सोलापुरात सात रस्त्याच्या वळणावर कुठल्याशा ट्रकचं ऑइल सांडलेलं होतं. मी स्कूटरसकट आडवा. गुडघा सुजला, मडगार्ड वाकलं, पिशवीतली उजनीची चिलापी रस्ताभर पसरली. पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न, "मासे किती होते? पावती आहे?" चहावाले अण्णा म्हणाले, "सोडा की ओ मालक. हितनं सात रस्ते फुटतात. ट्रक कुठल्या रस्त्यानं गेला, बघितलं का तुम्ही?"

गुडघ्याला हळद लावताना मुंबईचे कोळी आठवले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजं एकमेकांवर आदळली. एवढ्या मोठ्या समुद्रात! सात रस्त्यावर रिक्षा रिक्षाला घासते ते निदान समजू शकतो. सुमारे ८०० टन तेल पाण्यात गेलं, तिवरं काळी पडली, गिऱ्हाइकांनी मासळीकडे पाठ फिरवली. पुढच्या वर्षी ४ ऑगस्टला साठ हजार टन कोळसा घेऊन 'रॅक कॅरियर' बुडालं. दोन्ही वेळा मुहूर्त नारळी पौर्णिमेच्या तोंडावरचा. होड्या रंगवून झालेल्या, जाळी विणून झालेली, मासेमारीवरची पावसाळी बंदी मात्र उठायची. जहाजवाल्यांच्या वकिलाला याहून काय हवं? "होडी किनाऱ्यावरच होती ना? मग नुकसान कसलं?"

जहाजांशी कायदा फार घरगुती वागतो. २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्यानं जहाजाला चक्क अटक होते. ते बुडालं असेल तर त्याच मालकाच्या दुसऱ्या जहाजाला धरायचं. कायद्याच्या भाषेत ती त्याची बहीण. मे २०२५ मध्ये केरळजवळ 'एमएससी एल्सा-३' बुडालं, तेव्हा राज्य सरकारनं ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि उच्च न्यायालयानं 'एमएससी अकितेता-२' या बहिणीला अडकवून ठेवलं. उधारी थोरल्याची आणि सायकल धाकट्याची उचलायची, ही रीत आमच्या पेठेतल्या किराणावाल्यालाही ठाऊक आहे.

पण मालकाच्या जबाबदारीची मर्यादा किती, हे ठरतं जहाजाच्या टनेजवर. किती चुली विझल्या, त्यावर नाही. लहान जहाजानं बुडवलं, तर ते कोळ्याचं नशीब!

'रॅक कॅरियर' प्रकरणी हरित न्यायाधिकरणानं २०१६ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी, जहाजापायी कतारच्या डेल्टा शिपिंगला १०० कोटी आणि कोळशापायी अदानी एंटरप्रायझेसला ५ कोटी भरायला सांगितले. भरपाई पर्यावरणाची. पर्यावरण बरं असतं, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. नाखव्याला लागतो. त्यानं काय दाखवावं? डिझेल परताव्याचे कागद आहेत, पण त्यावरून डिझेल किती जाळलं तेवढंच कळतं. मासळी बाजारात पाटीतून जाते, पैसे कमरेच्या पिशवीत येतात. कोळीण हिशेबाला पक्की. दहा वर्षांपूर्वीच्या पापलेटचा भाव तोंडपाठ सांगेल. तोंडपाठ भाव मात्र कोर्टात चालत नाही.

सोलापुरात समुद्र नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तेव्हा तेल सांडायला आमच्याकडे पाणीच नाही. तरी विनंती आहे : मासे घेताना पावती मागा, मग ते उजनीचे असोत की मुंबईचे. कोळीण हसेल, कदाचित शिव्याही देईल. तरीही मागा, आणि तिलाच परत देऊन टाका. तुमच्यापेक्षा तिला ती जास्त लागणार आहे.