तेहेतीस नऊवारी

आमच्या सोसायटीतल्या कर्नलसाहेबांनी परवा माळ्यावरून एक काठी काढून माझ्या हातात दिली. काठी म्हणायचं नाही, क्लब म्हणायचं, हे आधी बजावलं. तर क्लब, गोल्फचा. डोकं मुठीहून थोडं मोठं, लाकडाचं, व्हार्निश जागोजाग उडालेलं. तळाला पितळी पट्टी, तिला स्क्रू. मानेभोवती काळा दोरा इतका घट्ट आणि एकसारखा गुंडाळलेला, की मांज्याची फिरकी आठवावी. "पर्सिमन," कर्नलसाहेब म्हणाले. आवाज असा, जणू घराण्याचं नाव सांगताहेत.

घरी येऊन चौकशी केली तर हे घराणं आपल्याच नात्यातलं निघालं. पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीची अमेरिकेत दिलेली चुलत बहीण. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात ज्याची पानं तोडतात आणि सोलापुरात ज्याच्या विड्या वळतात, त्या तेंदूच्याच कुळातलं झाड. विसाव्या शतकातला बराच काळ जगातले बडे लोक हिरवळीवर जे मिरवत होते, ते विडीच्या भावकीतलं लाकूड होतं. हे मी कर्नलसाहेबांना सांगितलं नाही. शेजार टिकवायचा असतो.

मग त्यांनी रोजच्या वापरातला ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, काढला. टायटॅनियमचा, आतून पोकळ, काळाकुळकुळीत, सोललेल्या नारळाएवढा. "फोर सिक्स्टी सीसी," ते म्हणाले. याहून मोठा नियमात बसत नाही. ही मर्यादा 2004 पासूनची. आमच्या घरातली पहिली स्कूटर दीडशे सीसीची होती. तिच्यावर बाबा, आई, मी, धाकटी बहीण आणि पुढे गॅसचा सिलिंडर, एवढा संसार सिंहगड रोडनं जायचा. इथे 46 ग्रॅमचा चेंडू ढकलायला तिप्पट सीसी.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या मैदानावर त्यांनी दोन्हींनी एकेक चेंडू मारून दाखवला. लाकडाचा आवाज अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. टायटॅनियमचा, ओट्यावरून स्टीलचं पातेलं पडावं तसा. चेंडू कुठे गेला ते मला दोन्ही वेळा दिसलं नाही, पण दुसऱ्या वेळी कर्नलसाहेब हसले.

आता आकडे. यार्ड म्हणजे आपला वार. अमेरिकेच्या पीजीए टूरवर, म्हणजे व्यावसायिकांच्या स्पर्धांमध्ये, 1980 साली ड्रायव्हरच्या फटक्याची सरासरी होती 257 वार. आज ती 300 च्या आसपास आहे. तेहेतीस नऊवारी टोकाला टोक लावून पसरल्या तरी तीन वार कमीच पडतात. आणि ही झाली सगळ्यांची सरासरी. 2023 ला यादीत पहिला आलेल्या रॉरी मॅकिलरॉयची 326 होती. 1980 ला सगळ्यात लांब मारणारा म्हणून डॅन पोलचा दबदबा होता, तो 274 वर. आज त्याच आकड्यावर तो यादीच्या तळाशी सापडला असता.

यावर ठरलेलं उत्तर असं, की हल्लीची पोरं जिममध्ये जातात, प्रोटीन पितात, म्हणून लांब मारतात. खरं आहे, पण अर्धंच. पर्सिमनच्या काळात जीव खाऊन मारणं परवडायचं नाही. त्या इवल्या डोक्यावरचा नेमका बिंदू हुकला की चेंडू झाडीत. त्यामुळे मोठमोठे खेळाडूसुद्धा हातचं राखून मारायचे. पोकळ टायटॅनियमनं डोक्याचं वजन कडेकडेला नेऊन ठेवलं. आता चेंडू बोटभर बाजूला लागला तरी डोकं फारसं वळत नाही आणि चेंडू बऱ्यापैकी सरळ जातो. शिक्षा गेली. शिक्षा गेली की माणूस काय करतो, हे बघायला गोल्फ क्लबचं सदस्यत्व लागत नाही, पुण्यातला कुठलाही सिग्नल पुरतो. आधी माफी आली, तिच्या भरवशावर ताकद आली, आणि दंड भरायला जिम उघडल्या त्या त्यानंतर.

दुसरा आरोपी चेंडू. पूर्वी त्याच्या पोटात ताणून गुंडाळलेला रबरी धागा असायचा आणि वर बलाटाचं मऊ कवच. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, सांगाल तिथे थांबायचा, पण जोरात हाणला की गिरक्या घेत वर चढायचा आणि वाऱ्याच्या हवाली व्हायचा. टणक चेंडू होता तो लांब पळायचा, पण ग्रीनवर थांबायचं नाव नाही. दोघांतला एक निवडा. ऑक्टोबर 2000 मध्ये टायटलिस्ट कंपनीनं टूरवर प्रो व्ही वन हा चेंडू उतरवला. आत भरीव, वर युरेथेनचं पातळ कवच. पळतोही आणि थांबतोही. लास वेगासच्या पहिल्याच स्पर्धेत खेळाडूंनी घाऊक पक्षांतर केलं. आपल्या आमदारांना निदान गुवाहाटीपर्यंत जावं लागलं होतं, इथे पिशवीतल्या पिशवीत काम झालं. टूरची सरासरी 2000 ला 273 होती, 2003 ला 286 च्या घरात. तीन वर्षांत तेरा वार. एवढे दंड तीन वर्षांत कुणाचे फुगत नाहीत.

मग आले हिशेबनीस. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी टूरवरच्या फटक्यांची आकडेमोड केली. तिचा मथितार्थ असा, की गवतात का होईना, पण होलच्या जवळ जाऊन पडा. लांबून चापूनचोपून सरळ मारण्यापेक्षा ते फायद्याचं. हा हिशेब ब्रायसन डीशाँबो या खेळाडूनं शब्दशः अंगाला लावून घेतला. 2020 ला वजन वाढवलं, दंड वाढवले, आणि विंग्ड फूटच्या यूएस ओपनमध्ये चार दिवसांत 56 पैकी 23 फेअरवे, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्या, सापडलेले असताना सहा फटक्यांनी जिंकला. निम्म्याहून जास्त वेळा रस्ता सोडून शेतातून गाडी घातली आणि तरी सगळ्यांच्या आधी पोचला. पुढच्या मार्चमध्ये बे हिलच्या सहाव्या होलवर तळ्याला वळसा घालायचा सोडून त्यानं तळ्यावरून 370 वारांचा फटका मारला आणि चेंडू हवेत असतानाच दोन्ही हात वर केले. लोक वेडे झाले. मीही झालो, खोटं कशाला बोलू? तक्रार हातांबद्दल नाहीच.

तक्रार आहे ती ज्यांच्या हातात नियमांचं पुस्तक आहे त्यांच्याबद्दल. चेंडू लांब जायला लागला तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, चेंडूला आवरणं. दोन, जमीन वाढवणं. ऑगस्टाच्या क्लबनं दुसरी धरली. 1997 ला टायगर वूड्सनं तिथे बारा फटक्यांनी मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा मैदान 6,925 वार होतं. 2025 ला ते 7,555 होतं. तेरावा होल अपुरा पडायला लागला म्हणून शेजारच्या क्लबची जमीन विकत घेतली आणि टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, 35 वार मागे नेली. घरजावई जाड झाला म्हणून दरवाजे रुंद करायचे, मग खोल्या, मग शेजाऱ्याचा गाळा. जावयाला जेवण कमी वाढायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही, कारण जावई जेवण कुठल्या कंपनीकडून मागवतो हे सगळ्यांना माहीत असतं.

ऑगस्टाकडे पैसा आहे, जमीन मिळते. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाला एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. तिथल्या जगप्रसिद्ध सतराव्या होलची टी 2010 च्या ब्रिटिश ओपनसाठी मागे सरकवली ती थेट जुनी रेल्वेलाइन ओलांडून, मैदानाच्या हद्दीबाहेर. तिथे चेंडू पडला तर खेळाडूला दंड, पण खेळाडूनं उभं राहायचं तिथेच. वाड्याची ओसरी कमी पडली म्हणून पाहुण्यांची पंगत रस्त्यावर मांडावी, तसं.

क्रिकेटवाल्यांनी याच्या उलट केलं. तिथे बॅटा जाड झाल्या आणि वर सीमेची दोरी आत ओढली. षटकार पडले पाहिजेत ना! क्रिकेटमध्ये दोरी आत, गोल्फमध्ये टी बाहेर, पण हात लावायचा नाही तो बॅटीला आणि चेंडूला. क्रिकेटनं निदान 2017 ला बॅटीच्या कडेला 40 मिलिमीटरची वेसण घातली.

गोल्फमध्ये वेसण नाही असं नाही. ड्रायव्हरच्या तोंडाला किती स्प्रिंग असावी याचा नियम आहे, आणि तो मोठा गमतीदार आहे. टायटॅनियमचं तोंड मार खाऊन खाऊन झिजतं, पातळ होतं आणि जास्तच उसळी द्यायला लागतं. बिडाचा तवा वापरून मुरतो आणि मग घावन सुटे निघतात, तसंच. फरक इतकाच, की इथे तवा फार मुरला की बेकायदा ठरतो. 2025 च्या पीजीए चॅम्पियनशिपआधी तपासणीत मॅकिलरॉयचा ड्रायव्हर असा बाद झाला. त्याच आठवड्यात स्कॉटी शेफलरचाही झाला. शेफलरनं दुसरा घेतला आणि स्पर्धा जिंकली. म्हणजे वेसण कितपत टोचते ते बघा.

जुना दिग्गज खेळाडू जॅक निकलस सत्तरच्या दशकापासून ओरडतोय, की चेंडू आवरा. बरं, तो काही हळू मारणारा नव्हता. 1963 ला त्यानं पर्सिमननं 341 वारांचा फटका मारून स्पर्धेतलं बक्षीस घेतलं होतं. म्हणजे "आमच्या वेळी" म्हणणाऱ्या म्हाताऱ्याची कुरकुर म्हणून बाजूला सारावी अशीही सोय नाही. त्याचं शेवटी ऐकलं ते 2023 मध्ये. मार्चमध्ये यूएसजीए आणि आर अँड ए या दोन नियामक संस्थांनी सुचवलं, की फक्त वरच्या स्पर्धांसाठी वेगळा, कमी पळणारा चेंडू असावा. कंपन्या भडकल्या, पीजीए टूर विरोधात गेली, बरेच खेळाडूही. मॅकिलरॉय बाजूनं बोलला, म्हणजे ज्याचं नुकसान सगळ्यात जास्त होणार तोच. डिसेंबरमध्ये निर्णय जाहीर झाला तो असा: चेंडू सगळ्यांचाच बदलणार, व्यावसायिकांसाठी जानेवारी 2028 पासून आणि तुमच्या-आमच्यासाठी 2030 पासून. सगळ्यात लांब मारणाऱ्यांचे त्यातून जाणार 13 ते 15 वार. एक नऊवारी आणि एक पाचवारी. चाळीस वर्षांत सरासरी त्रेचाळीस वार वाढली, त्यातले हे परत करायचे, तेही हप्त्यानं आणि पुढल्या तारखेला. सहकारी बँकेतला बडा थकबाकीदारसुद्धा याहून जरा लाजतो.

नोव्हेंबर 2020 चा एक रविवार मला फार आवडतो. करोनामुळे मास्टर्स शरद ऋतूत ढकलली गेली होती. डीशाँबो ऑगस्टाला येतानाच सांगून आला होता, की 72 चा पार, म्हणजे एका फेरीला ठरवून दिलेले फटके, माझ्यासाठी 67 आहे. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी तिसऱ्या होलवर, जो सगळा मिळून 350 वारांचा, त्यानं असा काही फटका मारला की चेंडू गवतात रुतला आणि सापडलाच नाही. चारच्या जागी सात. शेवटच्या दिवशी त्याची जोडी लागली बर्नहार्ड लांगरशी. लांगर त्रेसष्ट वर्षांचा. मोठी स्पर्धा लाकडी ड्रायव्हरनं जिंकणारा शेवटचा माणूस हाच, 1993 ला, याच मैदानावर. होलमागून होल पोराचा चेंडू पुढे आणि आजोबांचा कितीतरी मागे. संध्याकाळी आजोबा 71, पोरगा 73. एकूणातही लांगर एका फटक्यानं वर. गोष्ट इथे थांबवली तर फार गोड वाटते. पण ती स्पर्धा विक्रमी वीस अंडरनं, म्हणजे पारहून वीस फटके कमी खेळून, जिंकली डस्टिन जॉन्सननं, आणि तो तेव्हा टूरवरच्या सगळ्यात लांब मारणाऱ्यांपैकी एक.

चेंडूला खरोखर कुणी आवरलं असेल, तर दिल्लीच्या झुडपांनी. दिल्ली गोल्फ क्लबचं मैदान अरुंद. जुने मकबरे, मोर आणि दोन्ही बाजूंना काटेरी झाडी. आत चेंडू गेला की शोधायचाच नाही. लहान चणीचा एसएसपी चौरसिया इथे 2008 आणि 2016 ला युरोपियन टूरच्या स्पर्धा जिंकून गेला, आणि त्याला लांब मारणारा असं कुणीही कधी म्हटलेलं नाही. कलकत्त्याच्या गोल्फ मैदानावरच्या माळ्याचा मुलगा. त्याचं कसब ग्रीनजवळच्या नाजूक फटक्यात. ऑक्टोबर 2025 मध्ये मॅकिलरॉय त्याच मैदानावर आला, एक चक्कर मारली आणि ड्रायव्हर पिशवीतून काढूनच ठेवला. दिल्लीत ड्रायव्हर न घेता हिंडणारा हा पहिलाच मोठा माणूस असावा. जिंकला टॉमी फ्लीटवूड, 22 अंडरनं. ना जमीन विकत घ्यावी लागली, ना प्रयोगशाळा बसवावी लागली. फक्त झाडी तोडली नाही.

हे सगळं मी कर्नलसाहेबांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. वाटलं, पर्सिमनवाला माणूस, खूश होईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नव्या चेंडूनं आमच्यासारख्यांचं किती जाणार?" म्हटलं, फार तर पाच वार. ते उठले, कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात इस्त्रीच्या कपड्यांमागे न फोडलेले चेंडूंचे डबे रचून ठेवलेले. मोजले. अकरा डझन.

"2030 ला मी त्र्याऐंशीचा असेन," कर्नलसाहेब म्हणाले. "पाच यार्ड का सोडू?"