आसनोत्थापनाची सशास्त्र पद्धत

जुन्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या सीट्स काढणं हे दर सीटमागे चार बोल्टांचं काम आहे. मार्गदर्शन खरं तर इथेच संपायला हवं. पण अमेरिकेतल्या कुठल्याही उपनगरात शनिवारी सकाळी फेरफटका मारला, तर एखाद्या उघड्या गॅरेजमध्ये एक मध्यमवयीन मराठी इंजिनियर गाडीच्या दारातून निम्मा आत, निम्मा बाहेर असा आडवा दिसतो. तो चौथ्या बोल्टाशी बोलत असतो. प्रस्तुत लेखन त्याच्यासाठी आहे, आणि त्याला तिथवर पोहोचायची घाई झालेल्यांसाठीही.

आपण माझदा मियाटाची पहिली पिढी घेऊ. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी लोकांसमोर आली आणि १९९७ पर्यंत त्याच रूपात निघत राहिली. उघडमीट करणारे हेडलाइट, कापडी टप, दोन माणसांची जागा. पुढे पिढ्या बदलल्या, डोळे मिचकावणं बंद झालं, तरी खप थांबला नाही. २०१६ मध्ये कंपनीने दहा लाखावी गाडी बाहेर काढली. या गाडीला मागची सीट नाही. म्हणजे ‘पुढच्या सीट्स काढल्या’ याचा अर्थ बसायची जागाच काढली. हे घरच्यांना आधी सांगू नये.

पुण्याहून आलेल्या वडिलांना गाडीची ओळख करून देताना थोडी सबुरी ठेवावी. “माझदा म्हणजे स्वराज माझदा ना? टेम्पोवाली?” असा प्रश्न हमखास येतो. तो चुकीचाही नाही. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, हे या गाडीमागचं जपानी तत्त्व आहे, असं आपण समजावतो. बाबा गाडीला एक प्रदक्षिणा घालतात आणि विचारतात, “चांगली चालतेय ना? मग उघडतोयस कशाला?”

या प्रश्नाचं उत्तर आधी तयार हवं. किंबहुना सगळ्या शास्त्राची मेख इथेच आहे. बोल्ट कुणीही काढेल. कारण सापडायला अभ्यास लागतो.

सर्वांत भक्कम कारण पाणी. मियाटाच्या टपावरून ओघळणारं पाणी मागच्या काचेखालच्या प्लॅस्टिकच्या पन्हळीत जमतं. तिथून ते सीटांच्या मागे, दोन्ही बाजूंना असलेल्या भोकांमधून नळीवाटे गाडीच्या पोटाखाली उतरतं. व्यवस्था उत्तम आहे, फक्त झाडाखाली गाडी लावायची नाही एवढंच पथ्य. न्यू जर्सीत झाडाखाली नसलेली जागा शोधावी लागते. पाइनच्या सुया, मेपलची पानं आणि तीसेक वर्षांची माती यांचा त्या भोकात असा लगदा होतो, की पाणी बाहेर जायचं सोडून आत वळतं. आधी मागच्या कप्प्यात, मग सीटखाली. कार्पेट वरून कोरडं लागतं, पण त्याच्या पोटातला जाड स्पंज महिनोन् महिने पाणी धरून ठेवतो, आणि मागच्या चाकाच्या पुढचा पत्रा निमूटपणे गंजू लागतो. हे सगळं कुटुंबासमोर एका दमात मांडावं. ‘गंज’ हा शब्द दोनदा यावा.

दुसरं कारण उंचीचं. सहा फुटी माणसाचं डोकं या गाडीत टपाला घासतं. त्यावर हौशी मंडळींचा उपाय असा: सीट काढायची, कव्हर सोडायचं आणि आतला फोम टर्की कापायच्या विजेच्या सुरीने तासायचा. एवढं तत्त्वज्ञान ओतून तयार केलेल्या खोगीरातली ही शब्दशः खोगीरभरती काढून टाकली, की डोकं इंच-दोन इंच खाली येतं. आपली उंची साडेपाच फूट असेल तर हे कारण तूर्त झाकून ठेवावं. पुढे लागेल.

आता गाडी कुठे उभी आहे ते पाहा. ही पायरी सगळे विसरतात. ड्रायव्हरची सीट निघाल्यावर गाडी दोन फूट जरी सरकवायची म्हटली, तर गुडघ्यांवर बसून एका हाताने क्लच दाबायचा आणि दुसऱ्याने स्टिअरिंग धरायचं, अशी मुद्रा करावी लागते. ती योगशास्त्रात नाही. म्हणून उतार नको, कचऱ्याची गाडी येण्याचा मार्ग नको, आणि बायकोच्या गाडीच्या मागे तर नकोच नको. बादली उपडी घालून तिच्यावर बसून गाडी चालवण्याचा विचार प्रत्येकाच्या मनात येऊन जातो. तो येऊ द्यावा आणि जाऊही द्यावा.

सीट नसलेली गाडी ड्राइव्हवेत दिसली, की घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र येईल, ही भीती असते. तिच्यावर एक युक्तिवाद आहे. गाडीचं वय २५ वर्षांच्या पुढे गेलं की न्यू जर्सीत तिला ‘ऐतिहासिक’ नंबरप्लेट घेता येते. अट अशी, की तिचा वापर प्रदर्शन आणि शिक्षण यांपुरताच असावा. सीट काढून ड्राइव्हवेत उभी असलेली मियाटा ही अट कुठल्याही धावत्या गाडीपेक्षा काटेकोरपणे पाळते. शेजाऱ्यांचं प्रदर्शन होतं, मालकाचं शिक्षण होतं.

साहित्य: चौदा नंबरची गोटी. सहाकोनी घ्यावी. बाराकोनी गोटी जुन्या बोल्टाच्या डोक्यावरून सटकते आणि कोपरे गोल करून ठेवते. मग तो बोल्ट जन्मभराचा सोबती होतो. रॅचेट, सहा इंचांचं एक्स्टेंशन, गंज सोडवणारं तेल, आणि जाड कापड. कापडांत सोलापुरी चादरीला तोड नाही. मात्र ती बॅगेतली वजनाची मर्यादा सांभाळून आणलेली असते आणि तिची मोजदाद घरात असते. ती घेताना कुणी पाहिलं, तर “गंज” असं म्हणून पुढे चालू लागावं.

आदल्या रात्री बोल्टांच्या कडेने तेलाचे दोन-चार थेंब सोडून ठेवावेत. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांत गाडी वाढली असेल, तर ही पायरी टाळणारा माणूस शूर तरी असतो किंवा पहिलटकर तरी. बोल्ट ज्या नटात बसतो तो नट गाडीच्या तळाला कायमचा जोडलेला असतो. बोल्टाचं मुंडकं तुटलं, तर सीटचं काम संपतं आणि वेल्डिंगचं सुरू होतं.

टप उघडा, काचा खाली घ्या. सीटखालची दांडी ओढून सीट पार मागे सरकवा. पुढचे दोन बोल्ट दिसतील. डावीकडे फिरवलं की सैल होतात. पहिला बोल्ट “कट्” असा आवाज करून सुटतो, आणि त्या आवाजासारखं सुख संसारात फार थोड्या ठिकाणी आहे. इथे थांबून चहा घ्यायला हरकत नाही. मग सीट पुढे सरकवा, पाठ सरळ करा, मागचे दोन. दाराकडचा निघतो. गिअरच्या बाजूचा निघत नाही. सीट आणि मधला बोगदा यांच्या फटीत जपानी अभियंत्याचा हात जात असावा. मराठी हात मनगटाशी अडकतो. एक्स्टेंशन आणलंय ते याचसाठी. रॅचेट तीन दात फिरतं, कशाला तरी आपटतं, परत येतं, पुन्हा तीन दात. याच टप्प्यावर आपला माणूस बोल्टाशी बोलू लागतो. मुलं आसपास असतील तर त्यांना काही आणायला आत पाठवावं. या वेळी मराठी शब्द त्यांना नेमके पाठ होतात.

बोल्ट निघाले म्हणजे सीट निघाली, असं समजून ती हिसकू नये. ड्रायव्हरच्या सीटखालून एक वायर जाते. पट्टा लावला की नाही, याची खबर ती डॅशबोर्डला देते. काही गाड्यांत डोकं टेकायच्या जागी स्पीकर आहेत, त्यांच्याही वायरी आहेत. सीट थोडी मागे कलती करा, खाली हात घाला, वायर न ओढता कनेक्टरची जीभ दाबून सोडवा. या पिढीच्या सीटमध्ये एअरबॅग नसते, त्यामुळे प्रकरण सोपं आहे. तुमची गाडी नवी असेल आणि सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला, तर आधी बॅटरी सोडवून काही वेळ थांबायचं असतं. मियाटाच्या मालकानेही बॅटरी सोडवायला हरकत नाही. त्यासाठी तो बॉनेट उघडतो, इंजिनाकडे कौतुकाने पाहतो, आणि मग त्याला आठवतं की या गाडीची बॅटरी डिकीत आहे.

सीटचं वजन पंधरा-सोळा किलो. हे ऐकायला काही नाही. तांदळाच्या पोत्याची ने-आण करणारा माणूस हसेल. पण ते वजन कमरेतून वाकून, हात लांब करून, अंग पिळून उचलायचं असतं. टप उघडा ठेवलाय तो यासाठीच: दारातून ओढू नका, सरळ वर उचला. खालच्या रुळांची टोकं धारदार असतात. दाराच्या उंबऱ्यावर चादर दुहेरी घातली नसेल तर रंगावर कायमची सही होते. रुळांना काळं ग्रीस असतं. ते चादरीला लागणारच. चादर धुवायला टाकू नये. लपवावी.

सीटखाली काय सापडतं? नाणी, मॅकडॉनल्डचा शिलालेख झालेला बटाटा, पेनचं टोपण, कुठल्यातरी पार्किंगची पावती. गाडी तिसऱ्या हाताची असेल तर केसांना लावायचं जांभळं रबरबँडही सापडतं, आणि ते नेमकं बायकोलाच सापडतं. आधीच्या मालकाचं नाव, पत्ता आणि शक्य तर मुलीचं वय, ही माहिती गाडी घेतानाच लिहून ठेवलेली बरी.

आता मूळ काम. पाणी उतरायची भोकं साफ करताना तार खुपसू नका, दाबाची हवाही मारू नका. आतली नळी निसटली किंवा फाटली तर पाणी कुठे जाईल ते आधी सांगितलंच आहे. गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी हळूहळू फिरवत आत सोडायची, वरून पेलाभर पाणी ओतायचं. खाली आधी काहीच येत नाही. मग काळा, चिकट घोट पडतो, आणि पाठोपाठ धार लागते. कार्पेट उचलून त्याच्या स्पंजाखाली पंखा लावा. वरून हात लावून “वाळलं” म्हणू नका. या कामाला दिवस लागतात.

तोवर सीट कुठे ठेवायची? गॅरेजमध्ये जागा नसते, म्हणून ती हॉलमध्ये येते. लाकडी फरशीवर रुळांचे ओरखडे उठू नयेत म्हणून खाली ग्रीसवाली चादर येते. अशा रीतीने चादरही सापडते. संध्याकाळी बाबा त्या सीटवर टेकून पाहतात. जमिनीपासून वीतभर उंच, पाठीला नेमका आधार. दुसऱ्या दिवशी ते टॅबवर पेपर तिथेच बसून वाचतात. तिसऱ्या दिवशी म्हणतात, “दुसरी पण काढ. तुझी आई खाली बसते, तिला गुडघ्यांचा त्रास आहे.” आईला तिच्यावरून उठवायला दोघं लागतात, हे वेगळं.

परत बसवण्याची रीत उलट क्रमाने, असं सगळी पुस्तकं एका ओळीत उरकतात. ती लिहिणाऱ्यांच्या घरी लहान मुलं नसावीत. सीट बाहेर असताना दांडी कुणीतरी ओढतंच. मग एक रूळ तिसऱ्या खाचेत, दुसरा पाचव्या. अशी तिरपी सीट बसवली तर ती पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. आधी दोन्ही रूळ हाताने सरकवून समोरासमोर आणा. सीट आत ठेवा, वायर जोडा. चारही बोल्ट आधी बोटांनी दोन-तीन आटे लावा, पान्याने नव्हे. बोट अडलं तर बोल्ट बाहेर काढून, आटे पुसून पुन्हा लावा. जोर केलात तर आटे जातात. चारही नीट लागल्याशिवाय एकही आवळू नका.

इथे चेष्टा थोडी बाजूला ठेवू. या गाडीत पट्ट्याचं बकल सीटलाच जोडलेलं असतं. म्हणजे अपघातात माणसाला धरून ठेवायची जबाबदारी या चार बोल्टांवरही येते. त्यामुळे टॉर्क पाना आणावा, आपल्या वर्षाच्या मॅन्युअलमधला आकडा पाहून तेवढंच आवळावं, आणि सीट पुढेमागे हलवून दोन्ही रुळांचा “टक्” ऐकावा. पट्टा लावून दिवा विझतो का पाहावं. एकही बोल्ट कमी असताना गाडी रस्त्यावर न्यायची नाही, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही.

मग पावसाची वाट पाहायची. पहिला चांगला पाऊस झाला, की सीटखालच्या कार्पेटच्या पोटात बोटं खुपसून बघा. ओलं लागलं, तर सीट पुन्हा काढायला कुणाची ना नाही. कोरडं लागलं, तर मात्र पंचाईत आहे. अशा वेळी ड्रायव्हरच्या सीटवर ताठ बसावं, टप लावून घ्यावा, मान किंचित उंच करावी आणि बायकोला हाक मारून विचारावं, “डोकं टपाला लागतंय का गं माझं?”